उभ्या काचपेटीतले मासे

मासे निवडणे ही विद्या वसईच्या ख्रिस्ती माणसाला शिकवावी लागत नाही. कल्ला उचलून लाली पाहावी, पोट अंगठ्याने दाबावे, डोळा टपोरा आहे की आत गेला आहे ते न्याहाळावे आणि मासळीवालीने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करावीत, हा पाठ आम्ही उभयतांनीही लहानपणी आपापल्या आईच्या मागे बाजारात फिरून गिरवला. साठी ओलांडल्यावर मात्र आम्हांला मासे निवडावे लागले ते ताटासाठी नव्हे, तर घरातल्या काचपेटीसाठी. आणि या निवडीत जुनी एकही कसोटी उपयोगी पडेना. तेथे मासा ताजा असला की काम संपले. येथे तो आठ-दहा वर्षे जगावयाचा असतो, आणि त्याने किती पाण्यात व कोणाच्या शेजारी जगावे हे ठरविण्याचा अधिकार त्याचा नसून आपला असतो. त्यातून आमची पेटी उभी. अशा पेटीत कोणते मासे शोभतील हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणते मासे तिच्यात सुखाने नांदतील हा प्रश्न निराळा, आणि त्याचे उत्तर बरेच तोकडे आहे.

पेटी उभी का, हे आधी सांगावयास हवे. जुने कौलारू घर गेले, त्या जागी इमारत झाली आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड आले. जुन्या घरामागे बावखल होते. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे खोदीव तळे. केळीच्या आणि पानवेलीच्या बागा अशा तळ्यांवरच्या रहाटांनी पोसल्या. बाबांची दुपार त्या काठावर जाई. (बाबा आमच्यापैकी एकाचे वडील व दुसऱ्याचे सासरे, आम्ही दोघेही त्यांना बाबाच म्हणतो.) मरळ आपल्या तांबड्या पिलांचा घोळका घेऊन वर आली की ते हाताच्या खुणेने आम्हांला गप्प करीत आणि बोट दाखवीत. पुढे ते बावखल मातीने भरले गेले. बाबांनी त्याविषयी कधी तक्रार केली नाही, पण दुपारी बसावे कोठे हे त्यांना कळेनासे झाले, इतके आम्हांला दिसत होते.

त्यातच डोळे. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला. काचबिंदूने मात्र दोन्ही डोळ्यांच्या कडा आधीच खाऊन टाकल्या होत्या. या विकारात समोरचे दिसते आणि आजूबाजूचे हळूहळू मावळत जाते. नळीतून पाहावे तसे. फिकट वस्तू फिकट भिंतीवर ओळखू येत नाही. गेलेली दृष्टी परत मिळत नाही, उरलेली तेवढी रोजच्या थेंबांनी राखावयाची. अशा माणसासाठी मासे आणावेत ही कल्पना आमची. पेटी कशी असावी, हे मात्र बाबांनीच नकळत सांगितले. एका आप्तांकडे चार फूट लांबीची सुरेख पेटी आहे. तिच्यासमोर त्यांना अर्धा तास बसविले. परतताना आम्ही विचारले, “बाबा, कसे वाटले मासे?”

ते म्हणाले, “आला म्हणेपर्यंत गेला.”

लांब पेटीतला मासा दोन शेपट्या मारून त्यांच्या नजरेच्या वर्तुळाबाहेर जात होता. त्यांच्या खुर्चीपासून सहा फुटांवर दोन फुटांची रुंदी त्या वर्तुळात नेमकी मावते. आमच्या बैठकीच्या खोलीत आल्तार आणि खिडकी यांच्यामध्ये रिकामा कोपराही तेवढाच, दोन फुटांचा होता. पाणी भरपूर हवे आणि रुंदी वाढविता येत नाही, तेव्हा पेटी वरच जाणार. ६० सेंटिमीटर लांब, ३८ रुंद आणि ७५ उंच अशी पेटी आम्ही बनवून घेतली.

आता या उंचीचे गणित. काठापासून पाच सेंटिमीटर सोडून पाणी भरले तर ते सुमारे १६० लिटर होते. तेवढेच पाणी त्याच रुंदीच्या, पण १२० सेंटिमीटर लांब पेटीत घातले तर ते केवळ ३५ सेंटिमीटर चढेल. पाणी तेच, पण लांब पेटीत हवेला भिडणारा पृष्ठभाग ४,५६० चौरस सेंटिमीटर, आमच्या पेटीत २,२८०. प्राणवायू पाण्यात शिरतो तो या पृष्ठभागातून आणि माशांनी सोडलेला वायू बाहेर जातो तोही येथूनच. म्हणजे बाहेरून भरगच्च दिसणाऱ्या उभ्या पेटीचे नाक निम्मे लहान. दुकानदार लिटर मोजून माशांची संख्या सांगतात. उभ्या पेटीच्या बाबतीत ते लिटर फसवे असतात. तळाचे पाणी सतत वर ओढून पृष्ठभागावर आणणारा फिल्टर येथे चैनीचा नसून गरजेचा आहे. हवेचा पंप वापरावयाचा तर तोही जरा जोरकस घ्यावा लागतो, कारण खोल पाण्याचा दाब सारून बुडबुडा बाहेर पडावयाचा असतो.

दाबावरून आठवले. पाणी दुप्पट खोल झाले की तळाशी काचेवरचा दाबही दुप्पट होतो. म्हणून काच जाड हवी. पाणी, काच, वाळू, लाकूड मिळून आमच्या कोपऱ्यात दोनशे किलोंहून अधिक भार आहे आणि तो अवघ्या दोन फुटांच्या पायावर. पेटी भिंतीलगत, तुळईच्या आधाराने ठेवली, स्टँड बुटका पण रुंद केला व भिंतीला जखडून टाकला. लहान मुले असलेल्या घरात ही खबरदारी घेतलीच पाहिजे. तळ साफ करताना खांद्यापर्यंत हात घातला तरी वाळू लागत नाही, हेही उभ्या पेटीच्या मालकाने गृहीत धरावे. लांब चिमटा आणि नळी यांच्यावाचून गत नाही. प्रकाशही तळापर्यंत उणावत पोहोचतो. म्हणून आम्ही नाजूक तांबड्या वनस्पतींचा मोह धरला नाही. उभ्या लाकडाला बांधलेला जावा फर्न आणि अनुबियास, एवढेच. या दोन्ही वनस्पती मंद उजेडात तग धरतात आणि त्यांना वाळूत रोवावे लागत नाही.

एवढी सिद्धता करून आम्ही क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईत गेलो. शोभेच्या माशांच्या व्यापारात कोलकाता आणि चेन्नईजवळचे कोळत्तूर ही मोठी नावे; तिकडची कुटुंबेच्या कुटुंबे या पैदाशीवर जगतात. मुंबईच्या दुकानात टांगलेल्या पिशव्यांमागे एवढे मोठे जग आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. आमच्या पेटीची उंची ऐकताच पहिला दुकानदार हर्षित झाला. “साहेब, अरोवाना टाका. घरात भरभराट होते.” अरोवाना हा दोन-अडीच फुटांपर्यंत वाढणारा, पाण्याच्या पृष्ठभागालगत येरझारा घालणारा मासा. दोन फुटांच्या पेटीत त्याला वळताही येणार नाही. भरभराटीचे म्हणाल तर आल्ताराशेजारी बसवावयाच्या माशाकडून आम्ही ती अपेक्षा ठेवू नये, हे आमच्या धर्मगुरूंनी न सांगताच आम्हांला कळत होते. हीच गोष्ट फ्लॉवरहॉर्नची. कपाळावर टेंगूळ वाढलेला हा संकरित मासा माणसाने घडविला आणि मग माणसानेच त्याच्या टेंगळात नशीब वाचावयास आरंभ केला! तो एकटाच राहतो, शेजारी आला तर मारतो.

पुढे नकारांची मालिकाच सुरू झाली. आमची नात सोबत होती, तिला ‘निमो’ हवा होता. २००३ सालच्या त्या चित्रपटाने जगभरच्या मुलांना वेड लावले; पण तो मासा खाऱ्या पाण्याचा, समुद्रफुलाच्या संगतीने राहणारा. गोल्डफिशच्या गुबगुबीत जाती तिला आवडल्या. त्यांना कुटुंबच जणू पोट म्हणून मिळालेले असते. पोहताना त्या दमतात, घाणही पुष्कळ करतात, आणि त्यांना आमच्या बाकीच्या माशांपेक्षा थंड पाणी मानवते. फायटर, म्हणजे झुलत्या पिसाऱ्याचा बेटा, दुकानदाराने उभ्या पेटीसाठी आवर्जून सुचविला. बेटाचे मूळ घर थायलंडकडच्या भातखाचरांतले उथळ पाणी. तो वर येऊन हवा घेतो. ७० सेंटिमीटरचा जिना तो त्या जड पिसाऱ्यानिशी दिवसभर चढत-उतरत राहील, ही कल्पनाच आम्हांला सोसली नाही. तळाला वावरणारा कोरिडोरास हा सालस मासाही अधूनमधून झपाट्याने वर येऊन हवेचा घोट घेतो. त्यालाही आम्ही खोल पाण्यात लोटले नाही. झेब्रा डॅनियो हे तर धावणारे मासे, त्यांना लांबी हवी. डिस्कस देखणा खरा, ताटलीसारखा गोल. परंतु त्याला २८ ते ३० अंशांचे उबदार, मऊ पाणी आणि वारंवार पाणीबदल लागतो. आमच्या वयाच्या जोडप्याला ते व्रत झेपणारे नाही.

सकरचे मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे. “काच चाटून साफ ठेवतो,” म्हणून बोटाएवढा सकर पन्नास जागी गळ्यात मारतात. तो वाढून हातभर होतो, आणि मग लोक त्याला ‘मुक्त’ करावयास तळ्यावर नेतात. दक्षिण अमेरिकेतला हा कवचधारी मासा आज भारतातल्या कित्येक नद्यातळ्यांत ठाण मांडून बसला आहे. त्याला खाणारे कोणी नाही, जाळी मात्र तो फाडतो. आमच्या वसईत जी थोडी बावखले शिल्लक आहेत त्यांत कोणी दयाबुद्धीने असा मासा सोडू नये, ही कळकळीची विनंती. काचपेटीतला कोणताही मासा सोडू नये. ती दया नव्हे.

आमच्या चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, १९९२ सालच्या कॅटेकिझममध्ये, प्राणी ही परमेश्वराची निर्मिती असल्याचे सांगून त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे म्हटले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तोच धागा पुढे नेला. रविवारच्या प्रवचनात हे ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे हत्ती येतात, देवमासे येतात, फार तर रस्त्यावरचा कुत्रा येतो. दीडशे रुपयांच्या माशापुढे उभे राहून हे वचन आठवणे अवघड असते. मासा ओरडत नाही, विव्हळत नाही. तो कोपऱ्यात जाऊन पंख मिटतो आणि आठवड्याने तरंगतो. दुकानदार नवा देतो.

असे एकेक नाव गळत जाऊन उरला तो एंजल. हा मासा रुंदीहून उंच आहे. पूर्ण वाढला की त्याचे शरीर सुमारे १५ सेंटिमीटर लांब होते. परंतु वरचा व खालचा पर धरला तर उंची २० सेंटिमीटरच्या पुढे जाते. लांब पण बुटक्या पेटीत त्याचे पर वाळूला घासतात. ॲमेझॉन खोऱ्यातल्या संथ पाण्यात, बुडालेल्या मुळ्यांच्या आणि फांद्यांच्या उभ्या जाळीतून तो चपट्या अंगाने सरकत असतो. अंगावरचे काळे उभे पट्टे त्याला त्या सावल्यांत मिसळून टाकतात. मनुष्याने सोयीसाठी केलेली उभी पेटी बहुतेक माशांना अडचण वाटते. त्याला ती थोडीशी ओळखीची वाटत असावी. त्याचे शास्त्रीय नावही अर्थपूर्ण आहे. १८२३ साली त्याला मिळालेल्या ‘स्कॅलारिस’ या नावात शिडी आहे, आणि १८४० साली हेकेल यांनी दिलेल्या ‘टेरोफायलम’ या कुलनामात पंख आणि पान. देवदूत, पंख आणि शिडी एकत्र आल्यावर याकोबाचे स्वप्न आठवल्यावाचून कोणा ख्रिस्ती माणसाला राहवेल? त्याचा अधिक उंच भाऊबंद ‘आल्टम’ ओरिनोको नदीच्या खोऱ्यातून येतो. तो बहुधा रानातून पकडलेला, आणि पाण्याच्या बाबतीत फार हळवा. त्याच्या वाटेस आम्ही गेलो नाही. पैदाशीतला साधा एंजल आमच्या इमारतीचे थोडे जड पाणी निभावून नेतो.

बाबांच्या दृष्टीनेही हाच मासा योग्य होता. तो मोठा, संथ, आणि जागच्या जागी तरंगत राहणारा. आम्ही पेटीच्या मागे फिकट पिवळा कागद लावला, म्हणजे गडद अंग त्यावर उठून दिसावे. वरच्या पाण्यासाठी पर्ल गुरामी ठरविले, एक नर आणि दोन माद्या. अंगावर मोत्यांचे बारीक ठिपके, छातीशी केशरी झळाळी, स्वभावाने गरीब. आणि वर येऊन हवा घेण्याची सवय असली तरी ते राहतातच वरच्या अंगाला, त्यामुळे त्यांना जिना चढावा लागत नाही. लाकडावर एक ब्रिसलनोज. सकरच्याच गोतातला, पण १२-१३ सेंटिमीटरवर थांबणारा. नातीने निऑनसाठी शेवटचा हट्ट धरला. मोठा झालेला एंजल निऑन गिळतो, ॲमेझॉनमध्ये ते त्याचे खाद्यच, हे ऐकल्यावर तिने आम्हां दोघांकडे असे पाहिले की जणू ती व्यवस्था आम्हीच लावून दिली होती.

मासे लगेच आणले नाहीत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विषारी. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे जीवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. २०२३ साली राखेच्या बुधवारी, २२ फेब्रुवारीस, आम्ही पेटीत पाणी भरले आणि जीवाणूंना पोसण्यापुरता अमोनिया मोजून घालीत राहिलो. ९ एप्रिलच्या ईस्टरपर्यंत ती दिव्याखाली रिकामी उभी राहिली. येणारे-जाणारे विचारीत, “मासे मेले काय?” बाबा रोज दुपारी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसत. एकदा म्हणाले, “प्रायश्चित्तकाळात आपण शुक्रवारी मासे खातो. हे तर तेही नाही.”

ईस्टरनंतरच्या आठवड्यात प्रथम ब्रिसलनोज, मग गुरामी, आणि शेवटी पाच लहान एंजल आले. एंजल सर्वांत शेवटी आणावेत, कारण ज्याला आधी जागा मिळते तो तिचा मालक होतो. दोन पट्टेवाले, दोन संगमरवरी आणि एक निखळ काळा. पाचांपैकी मोठेपणी किती राहतील हे सांगता येत नाही. जोडी जमली की ती इतरांना जगू देत नाही. तेव्हा वाढलेले मासे परत घेण्याचे दुकानदाराकडून आधीच कबूल करून घेतले होते.

पहिल्या दिवशी बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “हा चिलापीचा भाऊ दिसतो.”

आम्हांला हसू आले. पण पुस्तकात पाहिले तर म्हातारा बरोबर होता. आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली चिलापी आणि ॲमेझॉनचा एंजल एकाच कुळातले, सिक्लिड कुळातले. या कुळातल्या मोजून तीन जाती मूळच्या भारतातल्या आहेत. त्यांपैकी गोव्याकडची काळुंदर, म्हणजे केरळची करिमीन, हिला २०१० साली त्या राज्याने आपला मासा म्हणून मान दिला. तोंडाची ठेवण, परांचे काटे आणि पिलांना राखण्याची रीत, या साऱ्यांत नाते दिसते. ज्याला पेटीच्या कडा दिसत नाहीत त्या माणसाने ते चेहऱ्यावरून ओळखले. त्यांनी मग काळुंदरही आणा म्हणून सुचविले. ती निमखाऱ्या पाण्यात वाढणारी, वीतभराहून मोठी होणारी आणि झाडपाला खाणारी आहे, असे सांगितल्यावर “मग ती ताटातच बरी,” एवढे म्हणून त्यांनी विषय मिटविला.

आमच्या बायबलमध्ये तोबिताचे पुस्तक आहे. अंध झालेल्या वृद्ध पित्यासाठी मुलगा प्रवासाला निघतो, राफाएल देवदूत वाटाड्या होतो, नदीत मासा सापडतो आणि त्याच्या पित्ताने पित्याचे डोळे उघडतात. देवदूत, मासा आणि म्हाताऱ्याची दृष्टी! पेटी पाहावयास आलेल्या एका फादरांनी ही कथा काढली. बाबांना ती पाठ आहे. ते म्हणाले, “फादर, त्याच्या डोळ्यांवर सारा आला होता. माझा काचबिंदू आहे.” फादर हसले आणि त्यांनी पेटीला आशीर्वाद दिला. आम्हांला बाबांचे उत्तर आवडले. आमच्या घरात माशांकडून कोणी चमत्कार मागितला नाही. दुपारी तीन ते पाच या वेळात एका माणसाला पाहावयास काही असावे, एवढेच मागणे होते.

ते पुरे झाले. काळा एंजल त्यांचा झाला. पिवळ्या कागदावर तो इतका स्पष्ट उमटे की त्यांना तो खुर्चीवरून बिनचूक दिसे. संगमरवरी मासे त्यांना अर्धेमुर्धे दिसत, गुरामीचे मोती तर मुळीच नाहीत. काळा वर जाई, खाली येई, लाकडाआड शिरे व पुन्हा प्रकट होई. हे मासे आठ-दहा वर्षे जगतात असे आम्ही बोलता बोलता सांगितले. ८६ वर्षांचे बाबा म्हणाले, “मग काळा आत्ताच पोरीच्या नावावर करून ठेवा.”

२०२४ च्या फेब्रुवारीत दोन पट्टेवाल्यांची जोडी जमली. फिल्टरच्या उभ्या नळीवर मादीने अंड्यांच्या रांगा चिकटविल्या आणि दोघे मिळून परांनी त्यांना वारा घालू लागले. हे दृश्य खरोखर पाहण्याजोगे असते. एक अंडे पांढरे पडले तरी ते तोंडाने अलगद काढून टाकतात. पण मध्यभागी असलेली ती नळी म्हणजे सगळ्या पेटीचा कणा. जोडीने बाकीच्या तिघांना तेथून हुसकले. लांब पेटीत हुसकलेला मासा दुसऱ्या टोकाला जाऊन निवांत राहतो. उभ्या पेटीत दुसरे टोक नाही. संगमरवरी दोघे लाकडामागे लपले. काळा वरच्या कोपऱ्यात, झाकणाखाली, पर मिटून तिरका उभा राहू लागला. त्याच्या शेपटीचा कडेचा भाग फाटला होता. बाबांनी दोन दिवस काही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी विचारले, “काळा कोठे आहे? मला दिसत नाही.”

पहिली अंडी जोडीने स्वतःच खाऊन टाकली, तशी नवख्या जोड्या पुष्कळदा खातात. पंधरवड्याने पुन्हा घातली. आता काहीतरी करणे भाग होते. पुस्तकांचा सल्ला स्पष्ट आहे: जमलेली जोडी ठेवावी, उरलेले काढावेत. आम्हांला भेटलेल्या जाणकारांनीही तेच सांगितले. जमलेली जोडी दुर्मिळ, तिच्यापासून पिले होतात, पिलांचे पैसे होतात. नातीलाही पिले हवी होती. आम्ही दोघांनी एका रात्री स्वयंपाकघरात बसून याचा विचार केला. तिघांना काढावयाचे तर त्यांत काळा जाणार होता. त्याच्याजागी दुसरा काळा आणता आला असता, आणि बाबांना कदाचित तो फरक कळलाही नसता. तसे करण्यास आमच्यापैकी कोणीच तयार नव्हते. जोडीचे म्हणाल तर तिला आमच्या पेटीची गरज नव्हती. जोडीला अंडी आणि पिले वाढविण्यास तिची स्वतंत्र पेटी मिळणे अधिक चांगले, आणि ती पैदास करणाऱ्याकडेच मिळणार.

शनिवारी सकाळी पेटीतले निम्मे पाणी काढले. त्यावाचून एवढ्या खोलीत जाळे चालत नाही. दोघांना वेगवेगळ्या पिशव्यांत घालून, पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून आम्ही लोकलने निघालो. दुकानदाराने पिशव्या उजेडात धरल्या आणि मान हलविली.

“साहेब, जोडी कोणी परत देतं का? लोक जोडीसाठी पैसे मोजतात.”

“तुमच्याकडे पिले वाढविणारा कोणी आहे ना? त्याला द्या.”

“देतो. बदल्यात काय घेता? टेट्रा चांगले आलेत.”

आम्ही काही घेतले नाही. पेटीत आता तीन एंजल, तीन गुरामी आणि एक ब्रिसलनोज एवढेच आहेत. पाहुणे म्हणतात, एवढ्या उंच पेटीत फारच रिकामे वाटते. काळ्याची शेपटी महिन्याभरात भरून आली. सोमवारी दुपारी तो कोपऱ्यातून खाली उतरला, नळीजवळ आला आणि तेथे तरंगत राहिला. बाबांनी खुर्चीतूनच हात वर केला. बावखलाच्या काठावर करीत तीच ती खूण होती. आम्ही दोघेही गप्प झालो.